ओक रिजचा अभ्यास आणि उपचारक्षमतेचा प्रश्न

सायकोपॅथ म्हणून वर्गीकृत झालेल्या गुन्हेगारांना मानसोपचार दिल्यास ते सुधारत नाहीत, उलट अधिक धोकादायक बनतात, या मताच्या पुष्ट्यर्थ राइस, हॅरिस व कॉर्मियर यांचा १९९२ चा अभ्यास आजही पुढे केला जातो. कॅनडातील ओंटॅरिओ प्रांतात पेनेटँग्विशीन येथील ओक रिज या कडक बंदोबस्ताच्या मनोरुग्णालयात १९६० च्या दशकात सुरू झालेल्या कार्यक्रमाचे हे मूल्यमापन होय. कार्यक्रमातून गेलेले १७६ रुग्ण आणि तुलनेसाठी निवडलेले, बहुतांशी तुरुंगात गेलेले गुन्हेगार यांचा सुटकेनंतर सरासरी दहा वर्षांहून अधिक काळ मागोवा घेण्यात आला. उपचारित सायकोपॅथांमध्ये हिंसक पुनरपराधाचे प्रमाण अनुपचारित सायकोपॅथांपेक्षा जास्त आढळले. अन्य रुग्णांत मात्र ते उपचारानंतर कमी होते. निष्कर्षाचा हा उत्तरार्ध सहसा उद्धृत होत नाही.

आकडेवारीविषयी वाद नाही. प्रश्न आहे तो येथे 'उपचार' कशास म्हटले, हा. सहभाग ऐच्छिक नव्हता. दिवसाचे बहुतेक तास सामूहिक सत्रांत जात, ती मुख्यतः रुग्णच चालवीत आणि तज्ज्ञांशी संपर्क अत्यल्प असे. मनाचे संरक्षक कवच फोडण्यासाठी एलएसडी, स्कोपोलामाइन यांसारखी द्रव्ये दिली जात. गुन्ह्यास पोषक अशा वृत्ती बदलणे वा जगण्याची कौशल्ये शिकविणे यांना तेथे फारसे स्थान नव्हते. अशा पद्धतीचे अपयश हे सर्व मानसोपचारांचे अपयश कसे ठरावे? अशा प्रकारचा समुदाय या रुग्णांना अयोग्य आहे, इतकेच खुद्द संशोधकांनीही सुचविले होते. सायकोपॅथ इतरांच्या भावना ओळखण्यास शिकले व त्या ज्ञानाचा गैरवापर त्यांनी केला, हे त्यांचे स्पष्टीकरण मात्र अनुमानच राहते; जुन्या नोंदींवरून केलेल्या वर्गीकरणातून तशी अंतःप्रक्रिया सिद्ध होत नाही.

हा वाद केवळ पद्धतिशास्त्राचा नाही. सुरक्षा-रुग्णालयातील व्यक्तीची सुटका तिच्या सुधारणेवर अवलंबून असते आणि सुधारणेचे साधन उपचार हेच असते. 'असाध्य' हा शिक्का बसला की उपचार थांबतात, स्थानबद्धता मात्र चालूच राहते. डिसिल्व्हा, डगन व मॅकार्थी यांनी २००४ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा बहुसंख्य अभ्यासांची रचनाच सदोष असल्याने उपचाराने सायकोपॅथ बिघडतात की नाही याचे उत्तर देता येत नाही, असे त्यांना आढळले.