‘डेसिमेट’ या क्रियापदाचा अर्थनिर्णय

इंग्रजीतील ‘डेसिमेट’ हे क्रियापद ‘मोठ्या प्रमाणावर संहार करणे’ या अर्थी योजणे अशुद्ध होय, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. त्याचा आधार व्युत्पत्ती हा आहे. लॅटिनमध्ये ‘देकेम’ म्हणजे दहा (संस्कृत ‘दशन्’चा हा सगोत्र शब्द), व ‘देकिमारे’ म्हणजे दहांतील एक घेणे. रणांगणावर कसूर करणाऱ्या रोमन सैनिकांपैकी दर दहांतील एकास चिठ्ठ्या टाकून देहदंड दिला जाई. पॉलिबिअसने या शिक्षेचे वर्णन केले आहे, लिव्ही इ. स. पू. ४७१ च्या प्रसंगी तिचा उल्लेख करतो.

परंतु हा युक्तिवाद एकांगी आहे. लॅटिनमध्येच या क्रियापदास ‘उत्पन्नाचा दशमांश धर्मार्थ देणे’ असा दुसरा अर्थ होता. बायबलच्या लॅटिन भाषांतरात, मत्तयाच्या शुभवर्तमानात, ते याच अर्थी येते. इंग्लंडमध्ये १६५५ साली क्रॉमवेलच्या राजवटीने राजपक्षीयांवर बसविलेला दहा टक्के करही ‘डेसिमेशन’ म्हणूनच ओळखला गेला. मूळ हेच प्रमाण मानावयाचे, तर यांपैकी कोणते मानावे? आणि त्याच धातुकुळातील ‘डिसेंबर’ बारावा महिना म्हणून कसा चालतो?

व्युत्पत्ती शब्दाचा इतिहास सांगते. आजच्या प्रयोगाची शुद्धाशुद्धता ठरविण्याचा अधिकार तिला नाही. तथापि त्या इतिहासाचे मोल कमी नव्हे. तो न जाणणारा अभ्यासक क्रॉमवेलकालीन कागदपत्रांत कराच्या जागी कत्तल वाचील.