जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ : संगणकावरच्या फॉर्मांची एक समीक्षा

कथा-कादंबऱ्यांची, नाटकांची, गेला बाजार एखाद्या गाण्याच्या कॅसेटची परीक्षणे आपल्यासारख्या मंडळांच्या अंकांतून आजवर पुष्कळ आली. पण आपण परदेशस्थ मंडळी वर्षभरात जे सर्वांत जास्त वाचतो, आणि नुसते वाचत नाही तर घाम पुसत पूर्ण करतो, त्या वाङ्मयप्रकाराकडे कुणी समीक्षक वळलेला दिसत नाही. तो प्रकार म्हणजे फॉर्म. व्हिसाचा, विम्याचा, मुलांच्या शाळेचा, डॉक्टरच्या अपॉइंटमेंटचा. पूर्वी तो कागदावर असे, आता संगणकाच्या पडद्यावर असतो. त्याला लेखक असतो, वाचक असतो, आणि लेखकाला वाचक किती समजला आहे हे त्याच्या ओळीओळीतून कळते. म्हणजे समीक्षेला लागते ते सगळे त्यात आहे. या लेखात मी त्यातल्या एकाच रकान्याकडे बघणार आहे : तारीख आणि वेळ.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. आपण 'तारीख-वेळ' म्हणून जे लिहितो त्यात तीन अगदी वेगळ्या गोष्टी असतात. पहिली, नुसता दिवस : जन्मतारीख, लग्नाची तारीख. कॅलेंडरवरचा तो एक चौकोन. त्याला तास-मिनिटे नाहीत आणि तो अमेरिकेत आला म्हणून बदलत नाही. दुसरी, क्षण : बँकेत पैसे जमा झाले तो, विमान धावपट्टीवरून उचलले तो. तो साऱ्या जगात एकच असतो. घड्याळे निरनिराळी दाखवतात इतकेच. तिसरी, ठरलेली वेळ : 'येत्या १२ तारखेला सकाळी १० वाजता, अमुक गावी'. ती त्या गावच्या घड्याळाला बांधलेली असते. वाईट फॉर्म या तिघांना एकाच मापाचा सदरा घालतो, आणि मग तो कुणालाच बसत नाही.

आधी पहिल्या गोष्टीतला सर्वांत जुना घोळ पाहू. आपल्याकडे दिवस आधी आणि महिना मग. अमेरिकेत महिना आधी. १५ ऑगस्ट कसाही लिहिला तरी निभावते, कारण पंधरावा महिना नसतो. पण ज्या तारखांचा दिवस १ ते १२ मध्ये येतो त्यांचे काय? अशा तारखा वर्षात १४४. त्यातल्या ५ मे, ७ जुलै अशा १२ तारखा उलटसुलट सारख्याच. उरलेल्या १३२ दिवसांना, म्हणजे वर्षाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त दिवसांना, आकड्यांत लिहिले की दोन अर्थ. आणि यात आपल्या लोकांचे नशीब खास. मागच्या पिढीतल्या कितीतरी जणांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच टाकली. ०१/०६ ! अमेरिकन फॉर्मला ती ६ जानेवारी वाटते, आणि तारीख दोन्ही रीतींनी खरी असल्यामुळे संगणक कुठे हूं की चूं करीत नाही.

हा अमेरिकनांचा हट्ट म्हणावा, तर त्यांच्याच घरात एकवाक्यता नाही. २०१३ पर्यंत विमानात हाती येणाऱ्या कागदी आय-९४ वर जन्मतारखेसाठी दिवस आधी होता. तोच माणूस पुढे ग्रीनकार्डाचा अर्ज भरायला बसला की महिना आधी. भारतीय पासपोर्टावर तारीख निव्वळ आकड्यांत, दिवस आधी. अमेरिकन पासपोर्टावर महिना इंग्रजी अक्षरांत. आणि दोन्ही पासपोर्टांच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, तिथे वर्ष आधी. एकाच माणसाची एकच जन्मतारीख, आणि तिचे तीन अवतार.

यात काय पणाला लागते ते सांगतो. माझ्या सासूबाई २०१८ च्या एप्रिलमध्ये आमच्याकडे आल्या. त्यांचा प्रवासी-आरोग्यविमा माझ्या मेहुण्याने नाशिकहून एका कंपनीच्या वेबसाइटवर काढला. फॉर्मवर फक्त 'जन्मतारीख' असा शब्द आणि पुढे एक चौकट. दिवस आधी की महिना आधी याचा कुठे इशारा नाही. मेहुण्याने पासपोर्टावर होती तशीच तारीख टाकली : ०१/०६/१९४८. मे महिन्यात सासूबाईंना न्यूमोनिया झाला, चार दिवस इस्पितळात काढले. बिल गेल्यावर कंपनीचे पत्र आले की पॉलिसीवरची जन्मतारीख ६ जानेवारी आहे आणि पासपोर्टावरची १ जून, खुलासा करावा. शिवाय ६ जानेवारी धरली की त्यांची सत्तरी उलटत होती, आणि सत्तरीनंतरच्या गटाला विम्याची मर्यादा बरीच कमी. खरे वय ६९. पत्रापत्री गणपतीपर्यंत चालली. पैसे अखेर मिळाले, पण तोवर त्या माउलीने "माझ्यामुळे तुम्हाला भुर्दंड" हे वाक्य किती वेळा म्हटले असेल याची गणती नाही. ज्याने ती चौकट आखली त्याला 'दिवस', 'महिना', 'वर्ष' हे तीन शब्द लिहायला किती वेळ लागला असता?

चांगली उदाहरणे नाहीत असे नाही. ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटवर जन्मतारखेसाठी तीन सुट्या चौकटी असतात, प्रत्येकीवर नाव लिहिलेले, आणि नमुन्यादाखल तारीख देताना दिवस १२ च्या पुढचा घेण्याची पद्धत, म्हणजे क्रमाबद्दल शंकाच नको. यात कसब दिसत नाही, पण कळकळ दिसते. दुसरीकडे काही हौशी वेबसाइटा जन्मतारखेसाठी सुबक कॅलेंडर उघडून देतात आणि १९४८ सालात पोचायला महिन्यामागून महिना मागे ढकलायला लावतात. पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट घ्यायला कॅलेंडर उत्तम. सत्तर वर्षे मागे जायला ते म्हणजे पुण्याहून मुंबईला पायी.

साठवणुकीसाठी तर उत्तर केव्हाच तयार आहे. आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९८८ सालचे : वर्ष, मग महिना, मग दिवस. आजच्या ब्राउझरमधली तारखेची तयार चौकट पडद्यावर माणसाच्या सवयीप्रमाणे तारीख दाखवते आणि आतून मात्र याच क्रमाने पाठवते. दाखवायचे एक आणि साठवायचे एक, हा भेद तिथे नीट पाळला आहे. मात्र संगणक अमेरिकन वळणाचा आणि बसलेला माणूस नाशिकचा असला, की पडद्यावरचा क्रम पुन्हा त्याच्या सवयीविरुद्ध जातो. म्हणून महिना अक्षरांत दाखवणे हे सगळ्यांत बिनधोक.

आता दुसरा दोष. हा पडद्यावर दिसत नाही, म्हणून अधिक वाईट. ब्राउझरची भाषा जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये घाईघाईत तयार झाली. तिच्यात 'डेट' नावाची जी वस्तू आहे ती नावाने तारीख, पण स्वभावाने क्षण. तिला १ जून १९४८ ही नुसती तारीख वर्ष-महिना-दिवस अशी दिली, की ती त्याचा अर्थ 'ग्रिनिचच्या घड्याळाने १ जूनची मध्यरात्र' असा लावते. त्या क्षणी न्यू जर्सीत अजून ३१ मेची संध्याकाळ असते. झाले! पडद्यावर जन्मतारीख ३१ मे. गंमत अशी, की हाच फॉर्म पुण्यात बसून तपासला तर चूक दिसतच नाही, कारण ग्रिनिचची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच, आणि तारीख तीच. उलट पुण्यातल्या मध्यरात्रीचे ग्रिनिच वेळेत रूपांतर करून त्यातला नुसता दिवस उचलला, तर तोही आदल्या दिवसाचा निघतो. दिवसाला क्षण केला की एक दिवस गळतो तो असा. आपल्यापैकी निम्मी मंडळी याच धंद्यात आहेत, त्यांना हे नवे नसेल. ज्यांच्या मुलाच्या शाळेच्या कागदावर वाढदिवस एक दिवस आधीचा पडला आहे, त्यांना निदान कारण कळावे.

तिसरा दोष ठरलेल्या वेळेचा. ब्राउझरमध्ये तारीख आणि वेळ एकत्र घेणारी जी चौकट आहे ती '३ नोव्हेंबर २०२४, रात्री १:३०' असे पाठवते. कुठल्या गावचे १:३०, हे पाठवत नाही. न्यूयॉर्कला त्या रात्री घड्याळे मागे गेली, म्हणून १:३० दोनदा वाजले. त्या रात्री जन्मलेल्या बाळाची पत्रिका कुणी मांडली असेल, तर कुठले १:३० हे विचारावेच लागेल.

आणि गावाऐवजी जी आद्याक्षरे लिहायची रीत आहे ती तर आणखी फसवी. आयएसटी म्हणजे आपण भारताची वेळ समजतो. तीच अक्षरे आयर्लंड वापरते आणि इस्रायलही. तिकडच्या आपल्या बेने इस्रायल मंडळींनी 'संध्याकाळी ७ आयएसटी' असे आमंत्रण वाचले तर ते कुठल्या सातला तयार व्हावेत? आपल्या मंडळांच्या पत्रकांवर ऐन जुलैत 'रात्री ८:३० ईएसटी' असे छापलेले मी दरवर्षी पाहतो. जुलैत न्यूयॉर्कला ईएसटी नसतेच, ईडीटी असते. पुण्याचा एखादा काटेकोर वक्ता छापल्याप्रमाणे हिशेब करील तर तो त्याच्या सकाळी सातला हजर होईल, आणि इकडे श्रोते सहापासून खोळंबलेले. भारत आणि न्यूयॉर्क यांच्यात हिवाळ्यात साडेदहा तासांचे अंतर, उन्हाळ्यात साडेनऊ. लंडनशी साडेपाच आणि साडेचार. दुबईशी बारा महिने दीडच. त्यात २००७ पासून अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि ब्रिटन मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे नेहमीचा हिशेब कुणालाच लागू पडत नाही.

माझे संगणकवाले मित्र यावर एक ठराविक उत्तर देतात : "सगळे ग्रिनिचच्या वेळेत साठव, काळजी मिटली." घडून गेलेल्या क्षणांपुरते हे अगदी बरोबर आहे. पण जन्मतारखेला ते लावले की दिवस गळतो, हे वर पाहिलेच. आणि पुढच्या ठरलेल्या वेळेलाही ते पुरत नाही. समजा, २०२२ च्या सुरुवातीला मेक्सिको सिटीत कुणी पुढच्या वर्षीच्या १५ जुलैचा, सकाळी १० चा लग्नाचा हॉल नोंदवला आणि संगणकाने तेव्हाच्या नियमाने त्याचे ग्रिनिच वेळेत रूपांतर करून ठेवले. ऑक्टोबर २०२२ मध्ये मेक्सिकोने उन्हाळी घड्याळ बहुतेक देशभर बंदच केले. आता तीच नोंद ९ वाजता दाखवणार. नवरानवरी मात्र १० लाच येणार, कारण त्यांनी त्यांच्या गावचे दहा ठरवले होते. म्हणून पुढची वेळ साठवायची ती गावच्या घड्याळाप्रमाणे, आणि सोबत गावाचे नाव.

गावाचे नाव! इथे मला आपल्या जुन्या पत्रिकेच्या कागदाचे कौतुक करावेसे वाटते. तुमचा पत्रिकेवर विश्वास असो वा नसो, तो फॉर्म म्हणून निर्दोष आहे. तो तीनच गोष्टी विचारतो : जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ. स्थळाशिवाय वेळेला अर्थ नाही हे त्याला ठाऊक आहे. पूजेच्या संकल्पातही देश आणि काल या दोहोंचा उच्चार आधी होतो, तो याच जाणिवेने. आणि जोतिषीबुवांना स्थळ नुसते नावापुरते पुरत नाही. त्या स्थळी त्या साली कुठले घड्याळ चालत होते तेही लागते. भारताची प्रमाणवेळ १९०६ साली आली, पण मुंबईत त्याहून ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत टिकून होती. सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात देशातली घड्याळे एक तास पुढे होती. त्या काळात जन्मलेल्यांची पत्रिका मांडताना तो तास वजा करतात, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहा.

संगणकाच्या जगातही हीच विद्या आहे. जगभरच्या गावांच्या घड्याळांचा इतिहास नोंदवणारा एक मोफत कोश आहे. बहुतेक सगळे संगणक आणि फोन त्याच्याच भरवशावर चालतात. आपला तो युद्धकाळातला तासही त्यात नोंदलेला आहे. भारतासाठी त्यात एकच नाव आहे, 'एशिया/कोलकाता', म्हणून पुण्याचे नाव शोधणाऱ्याने निराश होऊ नये. २०११ मध्ये जोतिषाचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका अमेरिकन कंपनीने, आमच्या पुस्तकातली माहिती घेतली म्हणून, हा कोश सांभाळणाऱ्यांवर खटला भरला आणि कोश काही दिवस बंद पडला. २०१२ मध्ये कंपनीने खटला मागे घेतला. वेळेचा इतिहास जोतिषाला आणि संगणकाला सारखाच लागतो, याचा याहून मोठा दाखला कुठला?

आता ब्राउझरांमध्ये 'टेम्पोरल' नावाची नवी सोय येऊ लागली आहे. तिच्यात नुसता दिवस वेगळा, क्षण वेगळा, आणि स्थळासह वेळ वेगळी. तीस वर्षांनी का होईना, पत्रिकेच्या कागदाला होते तेवढे शहाणपण येत आहे. पण साधन कितीही चांगले असले तरी कुठे कुठला प्रकार वापरायचा हे शेवटी फॉर्म लिहिणाऱ्यानेच ठरवायचे आहे, आणि त्यासाठी पलीकडे कोण बसले आहे याचा विचार त्याला करावा लागेल.

तो विचार करायला आपणही मोकळे आहोत. आपल्या मंडळाची सभासद-नोंदणी, मराठी शाळेचे प्रवेश, अधिवेशनाची नावनोंदणी, हे सगळे फॉर्म आपलेच स्वयंसेवक तयार करतात. त्यांना माझ्या चारच विनंत्या. महिना आकड्यांत न लिहिता अक्षरांत लिहा. जन्मतारखेला तास-मिनिटे चिकटवू नका. कार्यक्रमाची वेळ देताना आद्याक्षरे न देता 'न्यूयॉर्कची वेळ', 'पुण्याची वेळ' असे गाव लिहा, आणि वक्ता दुसऱ्या देशातला असेल तर दोन्ही गावच्या वेळा, वारासकट. आणि फॉर्म पाठवण्यापूर्वी भरलेली तारीख शब्दांत लिहून दाखवा : 'सोमवार, १ जून'. नाशिकच्या किंवा नेवार्कच्या कुठल्याही आजीला त्यात चूक असेल तर चष्म्याशिवायही दिसेल.