प्राथमिक शिक्षक आणि विज्ञानाची पुस्तके : एक चिकित्सा

प्राथमिक शाळेतील विज्ञान-अध्यापनाची चर्चा बहुधा साहित्याच्या अभावापाशी येऊन थांबते. प्रयोगशाळा नाही, वेळ नाही, ही कारणे खोटी नाहीत. परंतु त्यांच्याआड एक अधिक नाजूक अडचण दडलेली असते. बारावीनंतर अध्यापन पदविका घेऊन आलेल्या, कला शाखेत शिकलेल्या शिक्षिकेला एकाच दिवशी भाषा, गणित आणि विज्ञान शिकवावे लागते. तिला भय वाटते ते प्रयोगाचे नव्हे, प्रयोगानंतर येणाऱ्या प्रश्नाचे. शिक्षकांना हात देऊ पाहणाऱ्या पुस्तकांची व उपक्रमांची पारख याच कसोटीवर व्हावयास हवी.

मेणबत्तीचा सर्वपरिचित प्रयोग घ्यावा. ताटलीतील पाण्यात पेटती मेणबत्ती उभी करून तिच्यावर पेला पालथा घातला की ज्योत विझते व पाणी वर चढते. ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली, हे स्पष्टीकरण कित्येक पुस्तकांनी पिढ्यान्‌पिढ्या पुढे नेले आहे. ते बरोबर नाही. ज्योतीने तापलेली हवा प्रसरण पावून काठाखालून निसटते, आणि ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते. पाणी चढण्याचे मुख्य कारण हे आहे. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्यास पाणी अधिक उंच चढते. पेल्यातील ऑक्सिजन तर तेवढाच असतो! हा पडताळा घेण्यास कोणतीही पदवी लागत नाही. मात्र 'पुस्तकात असे दिले आहे, पण आपल्याला वेगळे दिसते आहे' असे वर्गासमोर म्हणण्याची मुभा शिक्षिकेला कोणीतरी दिलेली असावी लागते.

ही मुभा देण्याचा गंभीर प्रयत्न होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या 'स्मॉल सायन्स' या मालिकेत आढळतो. जयश्री रामदास यांच्या या मालिकेत मिनी आणि अपू ही मुले प्रश्न विचारतात, पाठ्यपुस्तकाच्या जोडीला कृतिपुस्तिका असते, आणि शिक्षकासाठी स्वतंत्र पुस्तक असते. हे तिसरे अंग सर्वांत मोलाचे आहे. तथापि छापील पानाची एक मर्यादा राहतेच. प्रयोग फसला असता शेजारी बसून 'पुन्हा करून पाहू' असे म्हणणारा सहकारी पुस्तकाला होता येत नाही.

अरविंद गुप्ता यांची खेळणी या बाबतीत एक पाऊल पुढे जातात. आगपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबच्या तुकड्यांनी जोडल्या की चौकोन डगमगतो, त्रिकोण ताठ राहतो. पत्र्याच्या छपराखालील कैचीत त्रिकोण का असतात हे मग सांगावे लागत नाही. येथे धोका निराळा आहे. खेळणे तयार झाले, टाळ्या पडल्या आणि तास संपला, तर विज्ञान हस्तकलेच्या तासात जमा होते.

सहकाऱ्याची उणीव ज्या उपक्रमाने ओळखली तो शेजारच्या मध्य प्रदेशातला. 1972 साली 16 माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात शिक्षकांच्या मासिक बैठकी होत. त्यांत प्रयोग आधी शिक्षकच करीत, चुकत, वाद घालीत. 2002 साली शासनाने हा कार्यक्रम बंद केला. पण ती बैठक आजही अनुकरणीय आहे. महाराष्ट्रात केंद्रपातळीवर शिक्षण परिषदा भरतात. त्यांतील एक तास परिपत्रकांऐवजी मेणबत्तीला मिळाला, तर त्यासाठी वेगळा निधी लागणार नाही.

छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीचे औरंगाबाद) अशा बैठकीला विषयांची वाण नाही. येथील पाणचक्कीला शाळांच्या सहली सातत्याने येतात. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातील या यंत्रणेत दूरच्या डोंगराकडील पाणी जमिनीखालच्या नहरीने आणून त्याच्या जोरावर पाती व त्यांवरचे जाते फिरविले जात असे. मुले वहीत बांधकामाचा काळ व बांधणाऱ्याचे नाव उतरवून घेतात. एखादा मुलगा विचारतो : पाणी जमिनीखालून आले, मग वर कसे चढले? जिल्हावार निघालेले तिसरीचे 'परिसर अभ्यास' हाती असले, तरी या प्रश्नापाशी शिक्षिका एकटीच असते.

वास्तविक उत्तर शहरातील प्रत्येक गवंड्याच्या पिशवीत आहे. पारदर्शक नळीत पाणी भरून तो दोन भिंतींची पातळी जुळवितो. त्याच नळीचे एक टोक शाळेच्या पायरीवर आणि दुसरे अंगणात खाली धरावे. वरच्या टोकाशी पाणी ओतले की अंगणातील टोकातून ते बाहेर पडते. ते टोक हळूहळू वर उचलीत नेले की एका उंचीवर पाणी थांबते, आणि ती उंची वरच्या टोकातील पाण्याच्या पातळीइतकीच भरते. उगम उंचावर असेल तर मधली वाट कितीही खोल गेली तरी बंद नळातील पाणी जवळजवळ त्या उंचीपर्यंत पुन्हा चढते, हे चौथीतील मुलाला हाताने कळते. सहलीच्या आदल्या दिवशी शिक्षिकेने ही नळी स्वतः धरून पाहिलेली असली, तर दुसऱ्या दिवशी तो प्रश्न तीच मुलांना विचारू शकेल.