कमाल कुवतीचा छुपा आकडा

‘फुटबॉल मॅनेजर’ या संगणकावरील खेळात आपण संघाचे व्यवस्थापक असतो. २०१८ मध्ये आलेल्या ‘फुटबॉल मॅनेजर २०१९’पासून त्यात सरावाचे आठवड्याचे वेळापत्रक आखता येते, दिवसाला जास्तीत जास्त तीन सत्रे. सराव वाढवला की थकवा आणि दुखापतीचा धोका वाढतो. विश्रांती हाही नियोजनाचाच भाग आहे, हे यातून छान उमगते.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते. प्रत्येक खेळाडूची कमाल कुवत २०० पैकी एका छुप्या आकड्याने आधीच ठरलेली असते. कितीही सराव दिला तरी ती ओलांडता येत नाही. खऱ्या खेळाडूंचे हे आकडे निरीक्षकांच्या अंदाजावरच बेतलेले असतात. संगणकाला अशी मर्यादा सोयीची. वर्गातल्या मुलाला आपण ती लावतो, तेव्हा कशाच्या आधारे?