समुद्रावरचा प्रहर

क्लोद दब्यूसीच्या ‘ला मेर’चा पहिला भाग मी कित्येक वर्षं चुकीचा ऐकत होतो. जेमतेम नऊ मिनिटांचा हा भाग म्हणजे शांत समुद्राचं चित्र, अशी माझी समजूत होती. त्यामुळे शेवटी पितळी वाद्यं गरजू लागली की मी चिडायचो. इतका वेळ जपलेली शांतता संगीतकारानं स्वतःच का मोडावी?

उत्तराचा धागा मिळाला तो एका टाकून दिलेल्या शीर्षकात. १९०३ साली काम सुरू करताना दब्यूसीनं या भागाला ‘सांगिनेर बेटांजवळचा शांत समुद्र’ अशा अर्थाचं नाव दिलं होतं. ते कामीय मोक्लेर याच्या एका कथेवरून घेतलेलं. मूळ फ्रेंच शब्द ‘मेर बेल’, म्हणजे शब्दशः ‘सुंदर समुद्र’; पण दर्यावर्दी तो वापरतात फारशा लाटा नसलेल्या समुद्रासाठी. १९०५मध्ये रचना लोकांसमोर आली तेव्हा हे नाव गेलं होतं. नवं नाव होतं, ‘समुद्रावर, पहाटेपासून मध्यान्हापर्यंत’. बेटं गेली, शांत हे विशेषण गेलं. उरला तो काळ.

हा बदल आपल्या कानांना खरं तर ओळखीचा वाटायला हवा. भैरव पहाटेचा, सारंग दुपारचा, हे आपण गृहीतच धरतो. फरक इतकाच, की आपला गायक एका प्रहरात मुक्काम करतो आणि दब्यूसी प्रहर ओलांडतो. सुरुवातीला डबल बास खर्जात ‘बी’ हा स्वर धरून ठेवतात, टिंपनी अगदी हलकी घुमत असते. तानपुऱ्याची सवय असलेला माझा कान लगेच त्याला षड्ज मानून बसतो. पुढे म्यूट लावलेला ट्रम्पेट आणि कोर आँग्ले एकत्र एक धून वाजवतात. मग लय बदलते, आणि पाहावं तर पायाखालचा स्वर ‘डी फ्लॅट’ झालेला असतो. षड्जच सरकलेला! पहिल्या काही वेळा तो कधी सरकला हे मला कळलंही नव्हतं. या भागातली शांतता ही अशी आहे: वर संथ, तळाशी हालचाल.

पुढे स्वरलिपीत सोळा चेलोंची मागणी आहे. चार गटांत विभागलेले हे चेलो अचानक पुढे येतात, तेव्हा समुद्राला वजन येतं. एवढा भार पेलल्यावर शेवटचा पितळी घोष मला आता आगंतुक वाटत नाही. ऊन वर चढत गेलं, एवढंच तो सांगतो.

पॅरिसमधल्या पहिल्या प्रयोगानंतर समीक्षक पिएर लालो यानं तक्रार केली होती, की यात समुद्र ऐकू येत नाही, दिसत नाही, त्याचा वासही येत नाही. लालोची चूक मला परकी नाही. त्यालाही चित्रच हवं होतं. पण दब्यूसीनं ही रचना समुद्रापासून दूर, बर्गंडीतल्या बिशाँ गावी लिहायला घेतली, आणि आपल्यापाशी आठवणींचा साठा आहे असं मित्राला कळवलं. समोर नसलेल्या समुद्राचं हुबेहूब चित्र तो काढणार तरी कसं, आणि कशासाठी?

हल्ली या भागाची पहिली दोन-तीन मिनिटं तोडून ‘मन शांत करणारं संगीत’ म्हणून ऐकवली जातात. माझी हरकत तिथे आहे. त्या तुकड्यात पहाट आहे, पण दिवस उजाडतच नाही.