गुंठ्याचा गुन्हा आणि तारखेची माफी

गुंठा हे मोजमाप आहे. तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद, म्हणजे १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे झाले की एक एकर. मुकुंदवाडीत मात्र या शब्दाला वेगळाच अर्थ चिकटला आहे. 'घर गुंठेवारीतलं आहे' एवढे म्हटले की ऐकणारा पुढचे समजून घेतो: गल्ली अरुंद असणार, नळ उशिरा आला असणार, बँक कर्ज द्यायला कुरकुर करणार आणि कागद शंभराच्या बॉण्डवर असणार. एका मापाची अशी अवस्था का झाली, हे शोधण्यासाठी येथे दोन राज्य कायदे आणि त्यांची शहरातली अंमलबजावणी तपासली आहे. मी याच वस्तीत राहतो. तटस्थतेचा दावा करीत नाही. पण कायद्याचा मजकूर मला आणि वाचकाला सारखाच उपलब्ध आहे.

पहिला कायदा १९४७ चा, धारण जमिनींचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा. व्यवहारात त्याला तुकडेबंदी म्हणतात. तो मुंबई प्रांतात झाला तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. पुढे तो इकडेही लागू झाला. हेतू चांगला होता. वाटण्या होत होत शेत इतके लहान होऊ नये की बैल वळवायलाही जागा उरू नये. म्हणून 'प्रमाणभूत क्षेत्र' ठरवायचे आणि त्याहून लहान तुकड्याचा व्यवहार अवैध मानायचा. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यातील बहुतेक जिल्ह्यांसाठी हे क्षेत्र बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे असे ठरले.

आता हा नियम मुकुंदवाडीत आणून पाहू. एका अंगाला सिडकोचा एन-२, दुसऱ्या अंगाला चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत, मधून जालना रस्ता, शेजारी रेल्वे स्टेशन. कारखान्यात कामाला जालना, बीड, परभणीकडून माणसे आली. त्यांना एक-दीड गुंठ्याहून जास्त जागा परवडणारी नव्हती आणि कायद्याच्या नजरेत तेवढा तुकडा विकताच येत नव्हता. ज्या जमिनीवर पुन्हा नांगर फिरणार नव्हता, तिचे रक्षण शेतीच्या नावाने चालू राहिले.

गरज मात्र थांबली नाही, तिने आडवाट धरली. नोटरीसमोर करारनामा, मुखत्यारपत्र, किंवा दहा-अकरा जणांनी मिळून एक खरेदीखत आणि सामाईक सातबारा. आडवाटेचा हिशेब पाहावा. प्लॉटिंग करणारा पैसे घेऊन मोकळा झाला. रस्ता, गटार, मैदान यांसाठी जागा सोडण्याचे बंधन त्याने पाळले नाही, कारण त्याचा आराखडा कुठे मंजुरीला गेलाच नव्हता. व्यवहाराचा सगळा दोष घेणाऱ्याच्या घराला चिकटला. बंदी विकणाऱ्याला आवरू शकली नाही. तिने घेणाऱ्याला तेवढे दुबळे केले.

दुसरा कायदा २००१ चा, गुंठेवारी विकास नियमित करण्याचा. प्रशमन शुल्क आणि विकास शुल्क भरा, बांधकाम नियमित होईल. अट अशी की ते १ जानेवारी २००१ पूर्वीचे हवे. वीस वर्षांनी, २०२१ च्या दुरुस्तीने ही रेघ ३१ डिसेंबर २०२० वर सरकली. तुकडेबंदीतही असेच. २०१७ मध्ये बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम भरून जुने व्यवहार नियमित करण्याची वाट ठेवली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती रक्कम ५ टक्क्यांवर आली. मधल्या काळात नोंदणी विभागाने १२ जुलै २०२१ च्या परिपत्रकाने अशा दस्तांची नोंदणी रोखली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ५ मे २०२२ रोजी ते परिपत्रक रद्द ठरवले.

या तारखा एकापुढे एक मांडल्या की कायद्याचा स्वभाव कळतो. बंदी कायम, माफी अधूनमधून. अशा कायद्यातून लोक नियम शिकत नाहीत, वाट पाहायला शिकतात. आज २५ टक्के भरणारा प्रामाणिक माणूस उद्या ५ टक्के भरणाऱ्यापुढे खुळा ठरतो. प्लॉट विकणारा तर खुशाल सांगतो, 'घ्या हो, पुढं होईल नियमित.' दुर्दैव असे की त्याचे म्हणणे खरे निघते.

महापालिका अधिनियमातले कलम २६७-अ याहून विचित्र आहे. बेकायदा बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लावायची आणि ती वसूल केली म्हणून बांधकाम नियमित झाले असे समजायचे नाही. पुढे लहान घरांना त्यात सवलत मिळाली, पण तत्त्व तेच राहिले: पावती द्यायची, हक्क द्यायचा नाही.

जून २०२५ मध्ये मुकुंदवाडीत जालना रस्त्यालगतची बांधकामे महापालिकेने पाडली. रस्ता रुंद हवा, हे कुणीही मान्य करील. पण विकास आराखड्यावरची रेघ म्हणजे संपादित झालेला रस्ता नव्हे. मधे भूसंपादन असते, मोबदला किंवा हस्तांतरणीय विकास हक्क असतो, आणि त्यासाठी मालकी सिद्ध करणारा कागद लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात पाडकामापूर्वी पंधरा दिवसांची नोटीस बंधनकारक केली. सार्वजनिक रस्त्यावरची अनधिकृत बांधकामे त्यातून वगळली. म्हणजे जमीन कुणाची, हा प्रश्न निर्णायक. आणि नेमका तोच कागद मिळू न देण्याची व्यवस्था राज्याच्या कायद्याने कैक वर्षे केलेली.

यावर नगररचनाकारांचा आक्षेप मोलाचा आहे. सगळे तुकडे मोकळे केले तर अग्निशमनाची गाडी शिरणार नाही, शाळेला जागा उरणार नाही, असे ते म्हणतात. बरोबर आहे. पण बंदी असतानाच या गल्ल्या अशा झाल्या. रुंद रस्ता मंजूर आराखड्यातून येतो, आणि लहान प्लॉटचा आराखडा कायदेशीरपणे, वेळेत, परवडेल अशा खर्चात मंजूर होण्याची सोयच नव्हती.

जुलै २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी विधानसभेत जाहीर केले की १ जानेवारी २०२५ पर्यंत पडलेले एक गुंठ्यापर्यंतचे तुकडे मोकळे होतील. स्वागत करावे असा हा निर्णय आहे. अनेक घरांना त्यातून खरेदीखत मिळू शकेल. पण पुन्हा तारीखच. २ जानेवारीला घर घेणाऱ्या मजुराचे काय, याचे उत्तर तारखेत नसते.

मला तीन गोष्टी हव्या वाटतात. शहराच्या हद्दीत आणि निवासी पट्ट्यात तुकडेबंदी लागूच नसावी, आणि तिच्या जागी एक गुंठ्याच्या प्लॉटचा, पण पक्क्या रस्ता-गटारासह, सोपा मंजुरी नियम असावा. नियमितीकरणाचे शुल्क आधी प्लॉट पाडून विकणाऱ्याकडून वसूल व्हावे. आणि वर्षानुवर्षे कर घेतलेल्या घरावर हातोडा पडण्यापूर्वी मालकीची सुनावणी व्हावी. यांपैकी एकही मागणी सवलतीची नाही. मुकुंदवाडीच्या माणसाने माफी पुष्कळदा विकत घेतली. आता त्याला नियम हवा आहे.