ब्लूज संगीताचे जतन आणि समुदायाचा प्रश्न : वॉशिंग्टनमधील आर्ची एडवर्ड्स ब्लूज हेरिटेज फाउंडेशनच्या संदर्भात एक चिकित्सा

सारांश

आफ्रिकन-अमेरिकन समाजात जन्मलेले ब्लूज संगीत टिकवून ठेवण्यासाठी अमेरिकेत अनेक स्थानिक संस्था कार्यरत आहेत. त्यांपैकी वॉशिंग्टन शहरातील एका केशकर्तनालयातून उभ्या राहिलेल्या आर्ची एडवर्ड्स ब्लूज हेरिटेज फाउंडेशन या संस्थेच्या कार्याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. संगीत जिवंत ठेवणे म्हणजे नेमके काय टिकवणे, आणि ज्या समुदायासाठी ते टिकवायचे तो समुदायच बदलला तर जतनाचा अर्थ काय उरतो, हे या लेखाचे मुख्य प्रश्न आहेत.

बीजसंज्ञा : ब्लूज, पीडमाँट शैली, मौखिक परंपरा, समुदाय, सांस्कृतिक जतन

प्रास्ताविक

लोकसंगीताच्या जतनाचा विचार करताना आपल्यासमोर सामान्यतः तीन मार्ग येतात : ध्वनिमुद्रण व दस्तऐवजीकरण, महोत्सव आणि पुरस्कार. ब्लूजच्या बाबतीत हे तिन्ही मार्ग मोठ्या प्रमाणावर अवलंबिले गेले. मेम्फिस येथे १९८० मध्ये ब्लूज फाउंडेशनची स्थापना झाली. याच संस्थेचे डब्ल्यू. सी. हँडी यांच्या नावाचे पुरस्कार २००६ पासून ब्लूज म्युझिक अवॉर्ड्स या नावाने ओळखले जातात. ठिकठिकाणच्या ब्लूज सोसायट्या स्थानिक स्पर्धा घेऊन विजेत्यांना मेम्फिसच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला पाठवतात. या व्यवस्थेने कलावंतांना व्यासपीठ दिले, हे मान्य करावेच लागेल. परंतु या तिन्ही मार्गांत एक समान गृहीतक आहे. गाणारा एकीकडे आणि ऐकणारा दुसरीकडे, असे ते गृहीतक होय. जे संगीत मुळात या विभागणीच्या बाहेर घडले, त्याचे जतन या मार्गांनी कितपत होऊ शकते, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहतो. वॉशिंग्टनमधील उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे.

पीडमाँट शैली : स्वरूप व पार्श्वभूमी

ब्लूज म्हटले की मराठी वाचकाच्या मनात मिसिसिपी डेल्टा किंवा शिकागो यांची प्रतिमा उभी राहते. त्या तुलनेत व्हर्जिनिया, उत्तर व दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जिया या पूर्वेकडील राज्यांच्या डोंगरपायथ्याच्या पट्ट्यात रुजलेली पीडमाँट शैली कमी परिचित आहे. या शैलीत गिटारवादकाचा अंगठा खालच्या स्वरांच्या तारांवर नियमित आंदोलनाने ठेका धरतो आणि इतर बोटे वरच्या तारांवर चाल वाजवतात. एकच वादक ताल आणि सुरावट या दोन्ही जबाबदाऱ्या पार पाडतो. रॅगटाइम या पियानोसंगीताचा प्रभाव येथे स्पष्ट दिसतो. ब्लाइंड ब्लेक, ब्लाइंड बॉय फुलर आणि रेव्हरंड गॅरी डेव्हिस ही या शैलीतील प्रमुख नावे होत.

हे संगीत रंगमंचासाठी निर्माण झाले नव्हते. शनिवारी रात्री कोणाच्या तरी घरी शेतमजूर व कष्टकरी जमत, खाणेपिणे होई, नाच होई आणि गिटार हा त्या नाचाचा आधार असे. विसाव्या शतकात लक्षावधी कृष्णवर्णीयांनी दक्षिणेकडील ग्रामीण भाग सोडून शहरांकडे स्थलांतर केले. व्हर्जिनिया आणि कॅरोलिनातून निघालेल्या अनेकांना वॉशिंग्टन जवळचे होते. त्यांच्यासोबत ही शैलीही शहरात आली. ‘फ्रेट ट्रेन’ या गीतामुळे प्रसिद्धी पावलेल्या एलिझाबेथ कॉटन याच शहरात घरकाम करीत होत्या, आणि अंध गायिका फ्लोरा मोल्टन शहराच्या रस्त्यांवर गात असत. थोडक्यात, राजधानीच्या भव्य इमारतींच्या सावलीत हे संगीत कष्टकऱ्यांच्या जगण्याचा भाग म्हणून नांदत होते.

केशकर्तनालयातील शनिवार

आर्ची एडवर्ड्स यांचा जन्म १९१८ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील युनियन हॉल या ग्रामीण भागात झाला. घरातच संगीत असल्याने गिटार त्यांच्या हाती लहानपणी आले. तबकड्यांवरून ऐकलेल्या वादकांत मिसिसिपी जॉन हर्ट हे त्यांचे विशेष आवडते होते. सैन्यातील सेवेनंतर ते न्हावीकाम शिकले आणि १९५९ मध्ये वॉशिंग्टनच्या ईशान्य भागातील बंकर हिल रोडवर त्यांनी ‘अल्फा टॉन्सोरियल पॅलेस’ नावाचे केशकर्तनालय उघडले. उपजीविकेसाठी त्यांनी अन्य नोकऱ्याही केल्या. संगीत हा त्यांचा पूर्णवेळ व्यवसाय नव्हता, ही बाब येथे महत्त्वाची आहे.

जॉन हर्ट यांनी १९२८ मध्ये ध्वनिमुद्रणे केली होती आणि त्यानंतर ते मिसिसिपीतील अॅव्हलॉन या खेड्यात शेतमजुरी करीत विस्मृतीत गेले होते. १९६३ मध्ये त्यांचा शोध लागला आणि ते वॉशिंग्टनला आले. ज्यांच्या तबकड्या ऐकून एडवर्ड्स शिकले, तेच हर्ट आता त्यांच्या दुकानात येऊन बसू लागले. ब्लूजमधील दुसरे थोर कलावंत स्किप जेम्स यांचाही या वर्तुळाशी संबंध आला. हर्ट १९६६ मध्ये मिसिसिपीत निवर्तले. आपले संगीत इतरांना शिकवावे, अशी हर्ट यांची इच्छा होती, असे एडवर्ड्स सांगत. हर्ट यांच्या स्मरणार्थ त्यांनी रचलेले ‘द रोड इज रफ अँड रॉकी’ हे गीत त्यांची ओळख बनले.

शनिवारी दुपारी दुकानात वादक जमत. गिटार, हार्मोनिका आणि हाडांच्या पट्ट्या हातात धरून वाजवण्याचे ‘बोन्स’ हे तालवाद्य अशी साधीच सामग्री असे. ज्याला येत असे तो वाजवी, आणि ज्याला शिकायचे असे तो जवळ बसून बोटांकडे पाही. येथे स्वरलेखन नव्हते, अभ्यासक्रम नव्हता आणि शुल्कही नव्हते. केशकर्तनालय हे कृष्णवर्णीय समाजात केवळ केस कापण्याचे ठिकाण नसते. वर्णभेदाच्या काळात गोऱ्यांच्या नजरेबाहेर मोकळेपणाने बोलण्याची, वाद घालण्याची व हसण्याची ती जागा होती. ब्लूजला अशी जागा मिळणे स्वाभाविक होते.

फाउंडेशनचे कार्य

एडवर्ड्स १९९८ मध्ये निवर्तले. त्यांच्या शिष्यांनी व मित्रांनी त्यांच्या नावे फाउंडेशन स्थापन करून शनिवारचा परिपाठ चालू ठेवला. २००८ मध्ये बंकर हिल रोडवरील मूळ जागा सोडावी लागल्यावर संस्था लगतच्या मेरीलँड राज्यात गेली. तेथेही शनिवार दुपारची बैठक हेच संस्थेच्या कामाचे केंद्र राहिले. कोणीही यावे, वाद्य आणावे आणि वर्तुळात बसावे, ही मूळ रीत संस्थेने सोडली नाही.

याच शहरातील दुसऱ्या संस्थेशी तुलना केली असता या निवडीचे वेगळेपण लक्षात येते. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या डीसी ब्लूज सोसायटीने महोत्सव व स्पर्धा यांवर भर दिला. रॉक क्रीक पार्कमधील कार्टर बॅरन या खुल्या प्रेक्षागृहात तिचा विनामूल्य महोत्सव अनेक वर्षे होत असे. ते प्रेक्षागृह बांधकामाच्या दुरवस्थेमुळे २०१७ मध्ये बंद झाले. दोन्ही संस्थांची उपयुक्तता निर्विवाद आहे. मात्र महोत्सवाला प्रेक्षागृह लागते आणि वर्तुळाला चार खुर्च्या पुरतात. प्रेक्षागृह बंद पडल्यास महोत्सवाला नवी जागा, परवानगी व निधी शोधावा लागतो. वर्तुळ मात्र दुकानातून उठून दुसऱ्या गावी बसू शकले. जतनाच्या साधनाची ही लवचिकता दुर्लक्षिण्यासारखी नाही.

जतनाचे दोन निकष

या कार्याचे मूल्यमापन कोणत्या निकषावर करावे? आफ्रिकन-अमेरिकन समीक्षेत यासाठी दोन परस्परविरोधी भूमिका उपलब्ध आहेत. पुढे अमिरी बराका या नावाने ओळखले गेलेले लेरॉय जोन्स यांनी १९६३ मध्ये ‘ब्लूज पीपल’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या सामाजिक स्थानात जसजसा बदल झाला, तसतसे त्यांचे संगीत बदलले, असा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा आहे. ही भूमिका स्वीकारल्यास जीवनस्थितीपासून तोडलेले ब्लूज म्हणजे केवळ कवच ठरते. राल्फ एलिसन यांनी या ग्रंथावर आक्षेप घेतला तो असा की, समाजशास्त्राच्या ओझ्याखाली संगीताचे कलारूप झाकोळले जाते. पुढे आल्बर्ट मरी यांनी १९७६ च्या ‘स्टॉम्पिंग द ब्लूज’ या ग्रंथात ब्लूज ही दुःखाची कैफियत नसून दुःखाला पिटाळून लावणारा विधी आहे, असे मांडले. त्यांच्या मते तो विधी नृत्य, कौशल्य आणि सामूहिक उपस्थिती यांतून सिद्ध होतो.

मरी यांच्या निकषावर फाउंडेशन बऱ्याच अंशी उतरते. ठरावीक वारी, ठरावीक वेळी एकत्र येणे, प्रत्येकाने आपली पाळी घेणे आणि कौशल्य हातातून हातात जाणे, ही विधीचीच लक्षणे होत. तथापि येथे एक उणीवही जाणवते. घरगुती बैठकीत जे संगीत नाचासाठी होते, ते वर्तुळात बसून वाजवण्याचे झाले. हार्मोनिकावादक फिल विगिन्स यांनी उत्तरायुष्यात पीडमाँट संगीताचे नृत्याशी असलेले नाते पुन्हा जोडण्यावर भर दिला, तो याच उणिवेच्या जाणिवेतून, असे म्हणता येईल. २०१७ मध्ये राष्ट्रीय वारसा सन्मान लाभलेले विगिन्स २०२४ मध्ये निवर्तले.

बराका यांच्या निकषावर प्रश्न अधिक बिकट होतो. १९७० मध्ये वॉशिंग्टनच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे ७१ टक्के होते. २०११ पर्यंत ते ५० टक्क्यांच्या खाली आले. घरांच्या वाढत्या किमतींमुळे अनेक कुटुंबे शहराबाहेर गेली. दुसरीकडे, कृष्णवर्णीय तरुणांनी सोल, फंक आणि पुढे हिप-हॉप यांतून आपले जगणे व्यक्त केले, तर ध्वनिविस्तारकाविना वाजवल्या जाणाऱ्या ब्लूजकडे साठच्या दशकापासून गोरे श्रोते व वादक मोठ्या संख्येने वळले. अमेरिकेतील बहुतेक ब्लूज सोसायट्यांच्या सदस्यत्वात हे चित्र दिसते. त्यामुळे ‘समुदाय’ या शब्दाचा अर्थ नकळत बदलला. तो पूर्वी एका वस्तीत राहणारा, एक इतिहास भोगलेला समाज होता. आता तो एका आवडीने एकत्र आलेल्यांचा गट होत आहे.

या बदलाकडे केवळ ऱ्हास म्हणून पाहणे एकांगी ठरेल. हर्ट यांचा शोध घेणारे तरुण गोरे होते आणि त्यांच्याशिवाय हर्ट वॉशिंग्टनला आलेच नसते. एडवर्ड्स यांनीही शिकवताना वर्ण पाहिला नाही. परंतु वर्तुळ सर्वांना खुले आहे एवढ्याने प्रश्न मिटत नाही. शेजारच्या वस्तीतील कृष्णवर्णीय मुलाला ते आपले वाटते का, त्याच्या आजोबांच्या संगीताकडे जाण्याची वाट त्याला तेथून दिसते का, हे विचारले पाहिजे. संगीताचा वारसा आणि त्या वारशाचे वारस यांची फारकत झाली, तर जतन यशस्वी होऊनही अपुरे राहते.

मराठी संदर्भात

हा प्रश्न आपल्याला सर्वस्वी परका नाही. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी आपल्या दलित साहित्याचे नाते त्या काळापासून अभ्यासले गेले. त्यांच्या संगीताकडे मात्र आपण तितक्या आस्थेने वळलो नाही. मुंबईत २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सव सुरू झाला आणि ख्यातनाम कलावंत येथे आले. पण ते ब्लूज तिकिटाच्या वाटेने आले, संघर्षाच्या नात्याने नव्हे. एकाच समाजाचे शब्द एका वर्गाने वाचावेत आणि सूर दुसऱ्या वर्गाने ऐकावेत, ही विभागणी आपल्या अभ्यासकांनी गांभीर्याने घ्यावी अशी आहे.

निष्कर्ष

१. संगीत जिवंत ठेवणे म्हणजे केवळ त्याचा नाद टिकवणे नव्हे. ते शिकण्याची व एकत्र येण्याची रीत टिकवणे अधिक मूलभूत आहे. आर्ची एडवर्ड्स ब्लूज हेरिटेज फाउंडेशनचे योगदान या दुसऱ्या स्वरूपाचे आहे.

२. महोत्सव व स्पर्धा यांतून कलावंताला प्रतिष्ठा मिळते. परंतु नवख्याला प्रवेश वर्तुळातूनच मिळतो. संस्थांच्या मूल्यमापनात कार्यक्रमांच्या संख्येइतकेच महत्त्व या प्रवेशाला दिले पाहिजे.

३. वर्तुळाची रीत टिकली तरी केशकर्तनालयाचा सामाजिक परिसर आणि नृत्याचे अंग मागे पडले. ही हानी संस्थेच्या इच्छाशक्तीने पूर्णपणे भरून येणारी नाही. तिची मुळे शहराच्या बदलत्या रचनेत आहेत.

४. बराका आणि मरी यांच्या भूमिका एकमेकींना छेद देत असल्या तरी जतनाच्या कार्याला दोन्हींची गरज आहे. मरी विधी कसा टिकवावा हे दाखवतात. तो विधी कोणाचा होता, हे विसरू न देण्याचे काम बराका करतात. ज्या संस्था या दोन्ही गोष्टींचे भान ठेवतील, त्यांच्या हातून संगीतासोबत समाजाच्या स्मृतीचेही रक्षण होईल.